धरणाची राखण

काळेवाडी हे पवना नदीच्या काठचे एक जुने खेडे. पुढे पिंपरी-चिंचवडच्या परिसरात कारखाने उभे राहिले. त्यांत काम करणारी माणसे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून येथे येऊन स्थायिक झाली आणि पाहता पाहता त्या खेड्याचे एक गजबजलेले उपनगर बनले. आज काळेवाडी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत मोडते. तेथील एखाद्या मुलास, ‘तुझ्या घरी पाणी कोठून येते?’ असे विचारले, तर ‘टाकीतून’ असे तो चटकन सांगेल. त्याचे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे.

पाण्याचा खरा प्रवास सह्याद्रीच्या कुशीत सुरू होतो. मावळ तालुक्यात पवना नदीवर धरण बांधलेले आहे. पावसाळ्यात डोंगरावरून धावत येणारे पाणी तेथे अडते. या धरणात सुमारे साडेआठ अब्ज घनफूट उपयुक्त पाणी साठते. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. यावरून त्या साठ्याची कल्पना येईल. हे पाणी गरजेप्रमाणे नदीत सोडतात. नदीच्याच पात्रातून तीस-पस्तीस किलोमीटर वाहत ते रावेतला पोहोचते. तेथील बंधाऱ्यापाशी ते पंपांनी उचलतात, निगडीच्या केंद्रात शुद्ध करतात, आणि मग ते टाक्यांतून घरोघर जाते. शहराची तहान वाढल्यामुळे अलीकडे आंद्रा धरणाचे पाणीही त्याला मिळू लागले आहे. तथापि पवनेचा आधार आजही मोठा आहे.

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक गोष्ट आहे : नदीच्या वाटेत माणसाने उभा केलेला बांध. तो बांधणाऱ्या अभियंत्यांचे कौतुक सर्वजण करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बांध बांधून झाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. घर बांधले की ते शाकारावे लागते, विहीर खणली की तिचा गाळ काढावा लागतो. त्याचप्रमाणे धरण बांधले की त्याची राखण करावी लागते. ती एका दिवसाची नसून धरण उभे आहे तोवरची असते.

पवनेसारख्या मोठ्या धरणावर या कामासाठी अभियंते व कर्मचारी नेमलेले असतात. पण महाराष्ट्राच्या डोंगराळ भागात नाल्या-ओढ्यांवर बांधलेली लहान लहान मातीची धरणेही पुष्कळ आहेत. एखाद-दुसऱ्या गावाला प्यायला पाणी द्यावे, थोडी शेती भिजवावी, एवढेच त्यांचे काम. अशा ठिकाणी नित्याची राखण बहुधा एखाद्या चौकीदाराच्या हाती असते, आणि वरचेवर पाहणी करणारा अभियंता अनेक धरणांची जबाबदारी सांभाळत असतो. राखणीचे मर्म समजून घ्यायचे असेल, तर अशा एखाद्या लहान धरणाकडेच पाहावे.

प्रथम त्या बांधाची रचना पाहू. दुरून तो मातीचा एक लांबट ढीग दिसतो; वास्तविक त्याचे निरनिराळे भाग निरनिराळी कामे करतात. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा असतो. ही माती दाबून घट्ट बसवली की तिच्यातून पाणी फार कष्टाने जाते. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरुमाचे जाड कवच असते. ते बांधाला वजन आणि बळ देते. पाण्याच्या बाजूच्या उतारावर दगड बसवलेले असतात, म्हणजे लाटांनी माती झिजत नाही. दुसऱ्या बाजूच्या उतारावर गवत वाढू देतात. त्याच्या मुळ्या पावसाच्या धारांपासून मातीला धरून ठेवतात. बांधाच्या तळातून पाणी बाहेर सोडण्यासाठी एक मोरी असते आणि तिच्या तोंडाशी झडप असते. याखेरीज बांधाच्या एका टोकाला, माथ्यापेक्षा थोडा खाली, एक रुंद मोकळा मार्ग ठेवलेला असतो. त्याला ‘सांडवा’ म्हणतात. धरण भरल्यावर जादा पाणी या सांडव्यावरून निघून जाते.

या बांधाला कशाशी झगडावे लागते? अर्थात पाण्याशी. पाण्याचा दाब त्याच्या खोलीप्रमाणे वाढतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. म्हणून १० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला पाण्याचा १० टन दाब पडतो. जलाशय कितीही शांत दिसो, आत हा रेटा रात्रंदिवस चाललेला असतो. वारा पडला म्हणून तो थांबत नाही, की सुटीच्या दिवशी विश्रांती घेत नाही. बांधात कोठे भेग आहे, कोठे माती सैल आहे, कोठे एखादे पोकळ मूळ आहे, हे पाणी जणू चाचपून पाहत असते. माणसाला सापडण्यापूर्वी ते पाण्याला सापडू नये, म्हणूनच राखण करावयाची.

चौकीदाराच्या दिवसाचा आरंभ पाणीपातळीच्या नोंदीने होतो. जलाशयात खुणांची मोजपट्टी रोवलेली असते. तिच्यावरची पातळी वाचून तो ती वहीत लिहितो. पाऊस मोजण्याचे यंत्र असल्यास पावसाचा आकडाही लिहितो. नंतर तो बांधाच्या माथ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. कोठे भेग पडली आहे काय, कोठे माती खचून खळगा झाला आहे काय, हे तो पाहतो. उन्हाळ्यात काळी माती आकसते आणि तिला भेगा पडतात. बांधाच्या लांबीच्या दिशेने गेलेली भेग वाईट, पण आडवी गेलेली भेग त्याहून धोक्याची. कारण ती पाण्याला या बाजूकडून त्या बाजूकडे जाण्याची वाटच करून देते. जलाशयाच्या पृष्ठावर बांधालगत एखादा लहानसा भोवरा फिरताना दिसला, तर तीही मोठ्या काळजीची गोष्ट समजावी. पाणी तेथून कोठेतरी आत शिरत आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

माथ्यावरून फिरून झाल्यावर तो बांधाच्या पायथ्याशी उतरतो. त्याच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग येथेच आहे. मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच. नवख्या माणसाला हे पाहून धडकी भरेल. पण जाणत्या माणसाला पाझराची भीती वाटत नाही. तो आधी पाण्याचा रंग पाहतो. पाझराचे पाणी नितळ असेल, तर केवळ पाणी बाहेर येत आहे, माती आपल्या जागी आहे. ते गढूळ असेल, तर त्याच्याबरोबर बांधाची माती वाहून चालली आहे. आज मातीचे चार कण जातात. त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळी होते. त्या पोकळीतून उद्या जास्त पाणी येते आणि जास्त माती नेते. अशा रीतीने बांधाच्या पोटात बोटाएवढी नळी तयार होते, ती मनगटाएवढी होते, आणि अखेरीस वरची माती तिच्यात कोसळते. वरून सारे ठीक दिसत असताना आत हा प्रकार चाललेला असतो. म्हणून शंका आली की पाझराचे पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत धरून काही वेळ स्थिर ठेवतात. तळाशी गाळ बसला, तर ते पाणी बांधाची माती घेऊन येत आहे, असा संशय धरून तत्काळ वर कळवावे लागते.

पाझर केवळ पाहून भागत नाही; तो मोजावाही लागतो. त्यासाठी पायथ्याच्या चरीत एक पत्रा उभा बसवतात आणि त्याच्या वरच्या कडेला त्रिकोणी खाच ठेवतात. पाणी त्या खाचेतून पडते. खाचेतील पाण्याची उंची मोजली की प्रवाह किती आहे ते कोष्टकावरून कळते. येथे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट आहे. खाचेतील पाण्याची उंची दुप्पट झाली, तर प्रवाह दुप्पट होत नाही. तो साडेपाच पटींहून अधिक होतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो ‘पाणी थोडेसेच वाढले आहे’ असे म्हणून निघून जाईल. ज्याला ठाऊक आहे, तो तेथेच थांबेल. जलाशयाची पातळी वाढली की पाझरही काहीसा वाढणे स्वाभाविक असते. परंतु पातळी तेवढीच असताना पाझर वाढला, किंवा वाहता पाझर एकाएकी आटला, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. म्हणून रोजच्या वहीला फार मोल आहे. एका दिवसाचा आकडा मुका असतो. वर्षभराचे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे ते बोलू लागतात.

काही खुणा वाचण्यासाठी तर वहीचीही गरज पडत नाही. चैत्र-वैशाखात बांधाचा सारा उतार वाळून पिवळा पडलेला असताना मध्येच एखादा पट्टा हिरवागार दिसला, तर तेथे ओल आहे, हे निसर्गच सांगत असतो. पायथ्याशी कोरड्या जागी चिखल झालेला आढळला, तरी तोच बोध घ्यावा.

बांधाचे इतर शत्रूही लहानसेच असतात. पिंपळ, वड, बाभूळ यांची रोपे बांधावर उगवतात. त्यांची सावली बरी वाटते. पण मुळे आत शिरतात, आणि पुढे झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ वाटा राहतात. म्हणून झाड रोप असतानाच उपटावे, गवत मात्र राखावे. ते गवतही कापून आखूड ठेवावे लागते. नाहीतर त्याच्या आड बिळे आणि भेगा लपतात. घुशी, उंदीर, खेकडे मातीत बिळे करतात. प्रत्येक बीळ शोधून ते माती ठासून बुजवणे, हे कंटाळवाणे पण आवश्यक काम आहे. झडपेच्या दांड्याला वंगण घालून ती अधूनमधून फिरवून पाहावी लागते. वर्षानुवर्षे न हललेली झडप ऐन संकटाच्या वेळी गंजून बसलेली आढळते, आणि मग पाणी कमी करण्याचा मार्गच बंद होतो.

सांडव्याची गोष्ट आणखी निराळी आहे. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, तर ते माती कापत खाली जाते आणि थोड्याच वेळात बांधाला खिंडार पडते. बांधाचे हे मरण टाळण्यासाठीच सांडवा असतो. तो मोकळा ठेवणे हे राखणदाराचे पहिले कर्तव्य होय. पुराबरोबर आलेले ओंडके आणि झुडपे तेथे अडकतात. कधी कोणी मासे धरण्यासाठी जाळी बांधतो. कधी थोडे जास्त पाणी साठावे म्हणून गावकरीच सांडव्यावर दगड-माती रचतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु हातभर पाण्याच्या लोभाने आपण सबंध धरण पणाला लावतो आहोत, हे त्यांच्या लक्षात येत नाही. अशा वेळी त्यांना समजावून तो अडथळा काढून टाकण्याचे अप्रिय काम राखणदाराला करावे लागते.

राखणीत कसूर झाली, की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, तिवरे येथे एक लहान मातीचे धरण होते. २ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात ते फुटले. पायथ्याच्या भेंदवाडीतील घरे पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. धरणाला गळती लागली आहे, अशी तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. दुर्घटनेनंतर खेकड्यांनी बांध पोखरल्याचे कारण पुढे करण्यात आले आणि त्यावर कडक टीकाही झाली. टीकाकारांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. बिळे करणे हा खेकड्याचा स्वभावच आहे. ती शोधणे आणि बुजवणे हे माणसाचे काम आहे. गळती दिसली होती आणि बोलूनही दाखवली गेली होती. बांध मात्र वेळेवर सावरला गेला नाही.

याहून जुनी आणि मोठी आठवण पानशेतची. १९६१ साली पुण्याजवळच्या या मातीच्या धरणाचे काम पुरे झालेले नसतानाच पावसाळ्यात त्यात पाणी साठले. बांधाच्या पोटातील मोरीपाशी बिघाड झाला आणि वरची माती खचू लागली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून बांध तोलून धरला. १२ जुलैच्या सकाळी तो अखेर फुटला. त्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे जुने धरणही दुपारी फुटले, आणि पुणे शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. तरीही त्या पोत्यांचे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही. पूर मध्यरात्रीच्या अंधारात न येता दिवसाउजेडी आला, आणि त्यामुळे असंख्य लोकांना जीव वाचवून उंच जागी जाता आले. संकट टळले नाही, तरी मिळालेला एकेक तास मोलाचा असतो, हे पानशेतने शिकवले.

मग बांधातून गढूळ पाणी येऊ लागले, तर करावयाचे काय? सामान्य माणसाला वाटते की, चिखल आणि माती थापून ते भोक बुजवावे. हा उपाय घातक ठरू शकतो. कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून वाट काढते. जाणकार त्या जागी आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, आणि खडीवर मोठे दगड असे थर देतात. पाणी या थरांतून निथळून बाहेर येते, मातीचे कण मात्र वाळूत अडतात. पाण्याला वाट द्यावी, मातीला देऊ नये, हे त्यामागचे तत्त्व आहे. त्याच वेळी झडप उघडून जलाशयाची पातळी हळूहळू उतरवतात, वरिष्ठांना बोलावतात, आणि खालच्या वस्तीला सावध करून सुरक्षित जागी हलवतात. या शेवटच्या कामात संकोच करून चालत नाही. लोक घरे सोडून गेले आणि धरण फुटले नाही, तर फार तर एका रात्रीची झोप मोडेल. लोक राहिले आणि धरण फुटले, तर जे जाईल ते परत येणार नाही.

धरणांच्या सुरक्षेसाठी भारताच्या संसदेने २०२१ साली स्वतंत्र कायदा केला. १५ मीटरांहून उंच असलेल्या धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही धरणांना तो लागू आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा त्यांची तपासणी झालीच पाहिजे, असे तो सांगतो. देशातील मोठ्या धरणांपैकी सर्वांत अधिक, म्हणजे दोन हजारांहून जास्त, एकट्या महाराष्ट्रात आहेत; तेव्हा हा कायदा आपल्याला विशेष जवळचा आहे. परंतु त्याच्या मर्यादेत न येणारे लहान बांध आणि बंधारेही पुष्कळ आहेत. त्यांचे रक्षण बहुतांशी त्यांचे पाणी पिणाऱ्यांच्याच जागरूकतेवर अवलंबून राहते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर काही शतकांपासून लहान बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या शेतीला ‘फड पद्धती’ म्हणतात. तेथे शेतकरी एकत्र येऊन पाण्याचा कारभार पाहत. पाणी देण्यासाठी पाटकरी आणि पिकांच्या राखणीसाठी जागल्या नेमत, आणि पाटांतील गाळ काढण्यास व बंधाऱ्याची डागडुजी करण्यास सर्वांनी हातभार लावावा, अशी रीत होती. ज्याने पाणी घेतले, त्याने बंधाऱ्याचे देणे फेडले पाहिजे, असा तो सरळ हिशेब होता.

शहरातल्या माणसांना हा हिशेब सहज विसरता येतो, कारण त्यांचे धरण त्यांच्या डोळ्यांसमोर नसते. पवनेच्या पात्रात जलपर्णी माजते, कचरा येतो, पुराबरोबर गाळ येतो. आणि तो हटवून पाण्याची वाट मोकळी ठेवण्यासाठी कोणाला तरी नदीत उतरावे लागते. नदीत टाकलेली प्रत्येक पिशवी त्या अनोळखी माणसाच्या कामात भर घालते. धरणावर पहारा करणे मुलांना शक्य नाही. आणि धोक्याच्या जागी, भरल्या जलाशयाजवळ वा वाहत्या सांडव्यावर त्यांनी जाऊही नये. पण वाहून जाणारे पाणी, फुटलेली नळवाहिनी, नाल्यात तुंबलेला कचरा त्यांच्या दृष्टीस पडू शकतो. ते पाहून वडीलधाऱ्यांना सांगणे आणि त्याची दखल घेतली जाईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगत राहणे, ही राखणीचीच पहिली पायरी होय.

जे धरण फुटते, त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. जे फुटत नाही, त्याची वार्ता कोठेच छापून येत नाही. मे महिन्यात बिळे बुजवली, झडपेला वंगण घातले, सांडवा साफ केला. जुलैत धरण भरले, पाझर मोजला, पाणी नितळ होते. एवढीच त्या वर्षाची हकीकत चौकीदाराच्या वहीत राहते. या साध्या नोंदींच्या आधारावर खालच्या गावातील माणसे पावसाळ्यातही निर्धास्त झोपतात.